४९ मैलांवरून ६० ला जायचंय? बोट आधी काट्यावर न्या

विचारलंय ते थोडक्यात असं. २१ फुटी व्ही-हल (व्ही आकाराच्या तळाची) बोट, मागे बाहेर टांगलेलं २०० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, २१ पिचचा (एका फेरीत हिशेबाने २१ इंच पुढे जाईल असा) स्टीलचा पंखा. दोन माणसं आणि टाकी फुल, तेव्हा जीपीएसवर ताशी ४९ मैल आणि ५४०० आरपीएम. ६० मैल पाहिजेत. त्यासाठी कार्बनचं हॅच (डेकवरचं झाकण) बनवून घ्यायचं, दोन्ही बॅटऱ्या लिथियमच्या करायच्या आणि मागची सीट काढून टाकायची असं ठरत आलंय, तर हे बरोबर आहे का.

आधी माझं सांगतो म्हणजे हे कुठून बोलतोय ते कळेल. मी मूळचा रत्नागिरीचा. सतरा वर्षं अजमान-शारजाकडच्या यार्डांमध्ये फायबरचं आणि रिगिंगचं काम केलं, आता मांडव्याच्या बाजूला हेच करतो. वेगासाठी बोट हलकी करायची म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालेली असते. कळकळीने सांगतो, हॅचची ऑर्डर अजून दिली नसेल तर थांबा.

वजनाचं गणित पहिलं बघू. बोटवाल्यांमध्ये क्राउचचं सूत्र वापरतात, जुनं आहे पण प्लेनिंग (वेगात पाण्यावर उचलून पळणाऱ्या) बोटीला बऱ्यापैकी लागू पडतं. एकूण वजन पौंडात घ्यायचं, त्याला हॉर्सपॉवरने भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि एका स्थिरांकाला त्या वर्गमुळाने भागायचं, की ताशी मैल मिळतात. हा स्थिरांक हलवर, म्हणजे बोटीच्या धडावर ठरतो, साध्या रनअबाउटला साधारण १५०, चांगल्या वेगवान हलला १९०, रेसिंगच्या बोटीला २१० च्या आसपास. तुमची बोट माणसं, पेट्रोल, सामान धरून १३५० किलो धरली तर ४९ मैलांवरून तुमचा स्थिरांक १८९ निघतो, म्हणजे हल चांगला आहे, बोटीत खोट नाही.

आता यात १०० किलो कमी करून बघा. उत्तर येतं जवळपास ५१. म्हणजे शंभर किलो उतरवले की दोन मैल, आणि शंभर किलो म्हणजे काही थोडं वजन नाही. वर्गमूळ मध्ये असल्यामुळे दहा टक्के वजन घटवलं की वेग साधारण पाच टक्केच वाढतो. कार्बनच्या हॅचने फार तर सात किलो वाचतील, त्याचे ०.१३ मैल होतात, जीपीएसवर दिसणार पण नाहीत. दोन लिथियम बॅटऱ्यांनी पंचवीसेक किलो वाचतील, म्हणजे अर्धा मैल. आणि नुसतं वजन कमी करून ६० गाठायचे म्हटलं तर बोट सगळं धरून ९०० किलोवर आणावी लागेल, म्हणजे ४५० किलो काढायचे. इंजिनच सव्वादोनशे किलोचं, दोन माणसं दीडशेची, मग हल किती उरतो बघा. नाही होणार ते.

पण म्हणून वजनाकडे बघायचंच नाही असं नाही हो. फक्त कुठलं वजन ते शोधायला पाहिजे, आणि डोळ्याला दिसतं ते वजन बहुतेक वेळा खरं नसतंच.

बोट काट्यावर न्या. हायवेवर ट्रकसाठी वजनकाटे असतात ना, तिथे ट्रेलरसकट उभी करा, गाडीपासून ट्रेलर सोडवा आणि चिठ्ठी घ्या. नंतर बोट पाण्यात सोडली की रिकामा ट्रेलर नेऊन परत तोला. असे काटे पाच किंवा दहा किलोच्या पायरीने दाखवतात, आपल्या कामाला तेवढं पुरतं. आता कंपनीच्या कागदावरचं हलचं वजन, अधिक इंजिन, अधिक पेट्रोल (लिटरला पाऊण किलो धरा), अधिक बॅटऱ्या आणि सामान, अशी बेरीज करा आणि काट्याच्या आकड्याशी ताडून बघा. फरक तीस-चाळीस किलोचा असेल तर सोडून द्या. शंभर-दीडशेचा असेल तर ते बहुतेक पाणी आहे.

फ्लोअरखाली तरंगण्यासाठी जो फोम भरलेला असतो तो कोरडा असताना काहीच वजन करत नाही, घनमीटरला तीसेक किलो. तो बंद पेशींचा असतो, पाणी पीत नाही असं सांगतात, नवीन असताना ते खरंही असतं. पण पंधरा-वीस वर्षं फ्लोअरच्या स्क्रूंमधून पाणी झिरपत राहिलं, तळाच्या निचऱ्याच्या वाटा रेतीने बुजल्या, की खालचा फोम सतत पाण्यात बसतो आणि हळूहळू भिजतो. एकदा भिजला की आपल्या दमट हवेत तो सुकत नाही, वर्षभर शेडमध्ये ठेवली तरी नाही. शारजाला असताना एक बोट आली होती, मालकाने सीटा काढल्या, म्युझिक सिस्टिम काढली, नांगरसुद्धा घरी ठेवलेला, आणि वेग तरी वाढेना. काट्यावर कागदापेक्षा १७० किलो जास्त निघाले. फ्लोअरला मागच्या बाजूला दोन इंची होल-सॉने भोक पाडलं तर फोमचा जो गोळा निघाला तो हातात पिळला की धार लागत होती. तुम्ही पण तसंच करा, ट्रान्समपासून (इंजिन टांगतात ती मागची भिंत) दीड-दोन फुटांवर, स्ट्रिंगरच्या (तळाला लांबीतून आधार देणारे दांडे) दोन्ही बाजूंना एकेक भोक, फोम तळापर्यंत काढून बघा. भोक नंतर झाकणाने बंद करता येतं, पुढे तपासणीला कामाला येतं.

फोम भिजलेला निघाला तर काढायचा आणि नवीन भरायचा. नुसता काढून मोकळं सोडायचं नाही, कितीही हलकं वाटलं तरी नाही, बोट भरली तर तुम्हाला वर ठेवणारी तीच गोष्ट आहे. आणि फ्लोअर उघडलंच आहे तर स्ट्रिंगर आणि ट्रान्समचं लाकूड ठोकून बघा, बद्द आवाज आला तर वेगाचा विषय तिथेच बाजूला ठेवा आणि आधी ते काम करा. ६० मैलाला लाटेचा दणका बसतो तेव्हा सगळा भार तिथेच जातो.

फ्लोअर परत बसवताना मात्र वजन वाचवायची खरी संधी आहे. आपल्याकडे सवयीने १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय टाकतात, आयएस ७१० चं, लाकूड चांगलं असतं पण चौरस मीटरला आठ-नऊ किलो आणि वर फायबर-रेझिनचं अस्तर. त्याऐवजी तेवढ्याच जाडीचा पीव्हीसी फोम कोअर घेतला, घनमीटरला ८० किलो घनतेचा, वर-खाली चौरस मीटरला सहाशे ग्रॅमच्या फायबरच्या कापडाचा एकेक थर दिला, तर सगळं मिळून साडेतीन-चार किलोत बसतं. चार चौरस मीटर फ्लोअरला वीस-पंचवीस किलो वाचतात. म्हणजे तुमच्या दोन लिथियम बॅटऱ्यांएवढं, आणि वर कुजायचा प्रश्नच संपतो. सीटचे पाय जिथे बोल्ट होतात तिथे मात्र जास्त घनतेचा तुकडा टाका, नाहीतर बोल्ट फोम चिरडून ढिले होतात. रेझिन जेवढं लागतं तेवढंच वापरा, आमच्याकडे नवीन पोरं बादलीभर ओतायची कारण चकचकीत दिसतं, पण जास्तीचं रेझिन ताकद देत नाही, नुसतं वजन देतं.

बाकीचं पटकन. कार्पेट काढा, भिजलेलं कार्पेट फार वजन धरतं. बिल्जमधलं (तळाच्या खोलगट भागातलं) पाणी दर फेरीआधी पूर्ण काढा, पंप कधीच तळाचं शेवटचं पाणी उचलत नाही, स्पंजने काढा, चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. टाकी फुल करून वेग मोजू नका. मागची सीट काढायची तर काढा, पण ती बोटीत नेमकी कुठे बसते त्यावर परिणाम वेगळा होतो, ते पुढे सांगतो. लाइफ जॅकेट, आग विझवायचा सिलिंडर, नांगर आणि दोर, बिल्ज पंप, यांना हात लावायचा नाही. इंजिन बंद पडलं आणि ओहोटीला बोट खडकाकडे जायला लागली की हा दहा किलोचा नांगरच कामाला येतो, तिथे वाचवलेला पाव मैल कोणाला पाहिजे.

लिथियमबद्दल एक, घेण्याआधी इंजिनच्या मॅन्युअलमध्ये स्टार्टिंगला ती चालते का आणि चार्जिंगचं काय लिहिलंय ते वाचा. ती प्रत्येक आउटबोर्ड इंजिनला चालतेच असं नाही.

आता वजन कुठे आहे हा भाग. हा मला किलोंपेक्षा महत्त्वाचा वाटतो. वेगात असताना तुमच्या बोटीचा फक्त मागचा भाग पाण्याला लागलेला असतो, नाळ म्हणजे पुढचं टोक हवेत. जेवढा कमी तळ ओला तेवढं घर्षण कमी. वजन मागे सरकलं की नाळ सहज उचलली जाते आणि वेग मिळतो, पण जास्त मागे गेलं की बोट गाद्यासारखी (डॉल्फिनसारखी) डुबक्या मारत चालायला लागते, नाळ वर-खाली, वर-खाली, आणि मग ट्रिम (इंजिनचा कल) खाली घ्यावा लागतो म्हणजे मिळवलेला वेग परत गेला. म्हणून समजा तुम्ही नाळेतलं सामान काढून हलकं केलं तर डुबक्या वाढतील, आणि मागची सीट नि बॅटऱ्या काढल्या तर बोट हलकी होऊनसुद्धा नाळ जड वाटेल. नवीन फोर-स्ट्रोक इंजिनं जुन्या टू-स्ट्रोकच्या काळातल्या हलवर बसवली की डुबक्यांचा हा घोळ हमखास होतो, मागे आधीच भार जास्त असतो. तिथे बॅटऱ्या हलक्या करण्यापेक्षा आहे त्याच बॅटऱ्या कन्सोलखाली (स्टिअरिंगच्या चौथऱ्याखाली) पुढे नेणं जास्त उपयोगी पडतं, फक्त केबल जाड घ्या, लांबी वाढली की व्होल्टेज पडतं. मी तर आधी वाळूच्या पिशव्या वापरून बघतो. वीस-वीस किलोच्या दोन पिशव्या, एकदा मागे, एकदा मध्ये, एकदा पुढे, आणि प्रत्येक वेळी वेग लिहून ठेवायचा. वजन वाढवून वेग वाढलेला मी डोळ्यांनी बघितलाय, जागा बरोबर सापडली म्हणून.

मग तळ. ट्रेलरवर असताना खाली आडवे होऊन बघायचं काम आहे, कोणाला आवडत नाही, पण कृपा करून करा. प्लास्टरवाले वापरतात तशी दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या आणि ट्रान्समपासून पुढे तळाला उभी लावून बघा, मधल्या रेषेजवळ, मग दोन्ही बाजूंना. पट्टी आणि तळ यांच्यामध्ये कुठेही उजेड दिसायला नको. मध्ये फट दिसली, म्हणजे तळ ट्रान्समजवळ खाली वाकलाय, तर त्याला हुक म्हणतात. दोन-तीन मिलिमीटरचा हुकसुद्धा पाण्याला खाली ढकलून मागचा भाग वर उचलतो, नाळ खाली दाबली जाते आणि सगळा तळ ओला होतो. उलट ट्रान्समजवळ तळ वर वळला असेल तर रॉकर, त्याने डुबक्या सुरू होतात. हुक पुष्कळदा ट्रेलरमुळेच येतो, लाकडी आधार ट्रान्समपर्यंत पोचतच नाहीत, एक फूट अलीकडे संपतात, आणि इंजिनचा भार वर्षानुवर्षं लोंबकळत राहतो. आधी ट्रेलर दुरुस्त करा आणि मग तळ इपॉक्सी फिलरने भरून लांब लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून सपाट करा, शेवटचे दीड मीटर तरी. ट्रान्समची खालची कड गोल झालेली असते, जेलकोट झिजून, धडकून, ती पण भरून धारदार करा. गोल कडेला पाणी चिकटून वर वळतं आणि बोटीला मागे ओढतं, धारदार कडेला ते सुटून जातं. चाइनची (तळ आणि बाजू मिळतात तिथली) आणि तळावरच्या पट्ट्यांची कडसुद्धा तशीच. बोट रोज ट्रेलरवर येत असेल तर अँटिफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो) रंग कशाला पाहिजे, तो खरखरीत असतो, काढून टाका.

हे दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि खर्च फिलर, पॉलिश पेपरचा. हा फरक स्थिरांकात पडतो आणि स्थिरांक वर्गमुळात अडकत नाही, तो पाच टक्के वाढला की वेगही पाच टक्के वाढतो.

आता इंजिनची उंची आणि पंखा. तुमचे आकडे घेऊन स्लिप काढू, म्हणजे पंख्याचा हिशेबाने येणारा वेग आणि खरा वेग यांतला फरक. आरपीएम भागिले गिअर रेशो, गुणिले पिच, भागिले १०५६. रेशो १.८६ धरला तर ५४०० आणि २१ पिचला ५७.७ मैल येतात, तुम्हाला मिळतात ४९, म्हणजे १५ टक्के स्लिप. अशा हलला ही जास्त आहे, १० ते १२ पर्यंत आली पाहिजे. आणि या वर्गातल्या इंजिनांची मर्यादा साधारण ६००० ची असते, तुम्ही ५४०० वर अडकलाय, म्हणजे इंजिन पूर्ण ताकद देतच नाहीये, लोड जास्त आहे.

तर इंजिन वर घ्या. आउटबोर्डच्या ब्रॅकेटची भोकं पाऊण-पाऊण इंचावर असतात, एका वेळी एकच भोक. गिअरकेस (इंजिनचा पाण्यातला खालचा भाग) पाण्यातून ओढत नेणं हा या वेगाला फार मोठा अडथळा असतो, जेवढी वर तेवढं कमी. किती वर हे पंखा ठरवतो, वळणावर पंखा हवा ओढायला लागला आणि आरपीएम एकदम उसळले की एक भोक खाली या. चांगला कप असलेला (पात्यांची कड किंचित वाकवलेला) पंखा असेल तर अजून वर राहून पाणी धरतो. हायड्रॉलिक जॅक प्लेट लावली तर इंजिनची उंची चालता चालता बदलता येते, पण ती स्वतः पंधरा ते तीस किलोची असते आणि इंजिन मागे सरकवते, म्हणजे वरची वजनाची गोष्ट परत नव्याने बघावी लागते. तुम्हाला आत्ता तिची गरज नाही.

इथे एक गोष्ट अगदी हात धरून सांगतो. पाण्याच्या दाबाचा मीटर बसवल्याशिवाय इंजिन वर घेऊ नका. इंजिन वर गेलं की थंड पाणी आत घेणारी भोकं पृष्ठभागाजवळ येतात, मागची धार चालू दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो आणि पूर्ण थ्रॉटलला दाब पडलेला असतो. मी हे केलंय, पहाटेच्या टेस्टला, मीटर उद्या लावू म्हणून. चार मिनिटं पूर्ण थ्रॉटल, अलार्म वाजेपर्यंत दोन सिलिंडर ओरखडले गेले होते. मालकाला तोंड दाखवायला मला फार जड गेलं. मॅन्युअलमध्ये कमीत कमी दाब दिलेला असतो, त्याच्या खाली काटा गेला की थ्रॉटल सोडायचा.

पंखा सगळ्यात शेवटी. वजन उतरलं, तळ सपाट झाला, इंजिन वर गेलं, की आरपीएम आपोआप ५७००-५८०० ला येतील. ५८०० ला याच २१ पिचने १२ टक्के स्लिप धरली तर साडेचोपन्न मैल होतात. आत्ताच २३ पिच घेतला असता तर आरपीएम अजून पडले असते, एक इंच पिच वाढवला की दीडशे-दोनशे आरपीएम जातात. उलट कोणाची बोट आत्ताच लिमिटरला (इंजिनच्या कमाल आरपीएमच्या मर्यादेला) टेकत असेल तर त्याने कितीही वजन काढलं तरी टॉप स्पीड हलणार नाही, फक्त पिकअप वाढेल, त्याला पिच वाढवावाच लागेल. लोक वजन काढून काढून थकतात आणि हे बघतच नाहीत.

मोजताना दोन्ही दिशांना पळवा आणि सरासरी घ्या. धरमतरच्या खाडीत ओहोटीचा ओढ असला की एकाच बोटीत एकीकडे दोन मैल जास्त, एकीकडे दोन कमी दिसतात. तीच माणसं, तेवढंच पेट्रोल, आणि एका वेळी एकच बदल. हवेचं तापमान पण लिहा, दहा डिग्री गरम हवेत इंजिनची तीनेक टक्के ताकद जाते, त्यामुळे जानेवारीच्या सकाळची आणि मे महिन्याच्या दुपारची तुलना होत नाही. पुण्याच्या बाजूच्या धरणांवर कोणी चालवत असेल तर तिथे सहाशे मीटर उंचीमुळे सहा-सात टक्के आधीच गेलेले असतात, तिथे पिच एक इंच कमीच लागेल.

२०१७ च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हला पी-वन पॉवरबोटची रेस झाली ती बघितली असेल तर आठवा, सगळ्यांना एकसारख्या बोटी, एकसारखं २५० एचपीचं इंजिन, आणि तरी पुढे-मागे किती अंतर पडत होतं. ट्रिम, लाट वाचणं आणि हात, एवढाच फरक. सरळ सपाट पाण्यात ट्रिम थोडा थोडा वर घेत जा, आरपीएम वाढतात पण जीपीएस वाढायचा थांबतो तिथून एक टिचकी खाली, ती तुमची जागा.

आणि पन्नासच्या पुढे गेलात की बोट डावी-उजवी डुलायला लागेल, कारण आता ती व्हीच्या अरुंद टोकावर उभी आहे. हे डुलणं एकदा वाढलं की स्वतःच वाढत जातं. तेव्हा स्टिअरिंगशी भांडू नका आणि थ्रॉटल एकदम तोडू नका, थ्रॉटल एकदम तोडला की नाळ धाडकन खाली बसते आणि बोट जागेवर गिरकी घेते. ट्रिम हळूच खाली, थ्रॉटल हळूच कमी. त्याआधी स्टिअरिंगमध्ये ढील आहे का बघा, चाक अर्धा इंच हलवून इंजिन हलत नसेल तर हा वेग करायचाच नाही. किल स्विचची (माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी पायाला किंवा जॅकेटला बांधलेली पाहिजे, आणि जॅकेट अंगात. माझ्या ओळखीचा एक माणूस असाच गिरकीत बाहेर फेकला गेला, दोरी बांधली होती म्हणून इंजिन बंद झालं. नसती बांधली तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर आली असती, रिकाम्या बोटी बहुतेक वेळा गोल फिरतात.

मग ६० चं काय. सगळं नीट झालं आणि काट्यावर ती १२०० किलोच्या आत आली तर ५४-५५ मी छातीठोकपणे सांगतो. त्याच्या पुढे २५० एचपी लागेल, ११८० किलोला स्थिरांक २०० धरला तर ६२ येतात. पण बोटीवरच्या प्लेटवर जास्तीत जास्त किती एचपी लिहिलेत ते बघा, २०० च लिहिले असतील तर त्या ट्रान्समवर २५० टांगू नका. काट्याची चिठ्ठी आणि होल-सॉने काढलेल्या फोमचा फोटो टाका, त्यावरून पुढचं सांगतो.